राष्ट्रपतीच्या चपला

माहा जलम भामरागडकडचा, भाऊ, नदीच्या पल्याडचा. पावसाळ्यात तिथी कोनी येत नाई अन् कोनी जात नाई. आमी माडिया. मराठी मी अहेरीत शिकली, नवरा तिथी लाकडाच्या डेपोत कामाले होता म्हनून. मंग तो दुसरी करून बसला अन् मी पोट्टीले घेऊन गावाले परत आली, बालवाडीत खिचडी शिजवाले लागली. इतकीच माही गोष्ट. बाकीची पोट्टीची.

रुकनी तिचं नाव. नऊ-दहा वर्सांची असन, आमच्यात कोन मोजते. ऐन पुरात ताप भरला. दवाखान्यात न्याले नदीत डोंगा घालाले कोनी नावाडी तयार होईना. मी पाया पडली, ते म्हने बाई, तूबी जाशील अन् आमीबी जाऊ, अन् ते खरंच होतं, का दोष देऊ त्याइले. तिसऱ्या दिवशी गेली. मी रडली का नाई, मले आठवत नाई.

आता आमचा रिवाज सांगते तुमाले. मेल्या मानसाचं सारं सामान त्याच्यासंग धाडाचं. खाट, ताट, कपडे, सारं पुरल्या जागी नेऊन ठेवाचं. एकबी चीज घरात राह्यली तर जीव तिच्यासाठी मागं मागं फिरते, त्याले वाट सापडत नाई. गावच्या म्हातारीनं इचारलं, घरात काई राह्यलं का वो? मी म्हनलं नाई. खोटं बोलली. तिची लाकडाची फणी मी टोपलीत मोहफुलाखाली दाबून ठेवली होती. मामानं कोरून देल्ली होती तिले. दात्यात दोन केस अडकले होते.

तशीच दोन वर्सं गेली. गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता, तवा आमा बालवाडीच्या बायाइले सहलीले नेलं, यष्टीनं, मंग रेल्वेनं, भल्ल्या दूरच्या शहरात. तिथी एक घर दाखवलं, पहिले कोनी राष्ट्रपती होते त्याइचं. आमच्या मोठ्या बाई म्हने, देशाचे सर्वात मोठे साहेब होते, कशाले हात लावू नका. मी पाह्यलं तर गादी घातलेली खाट, तिच्यावर घडी केलेली शाल, चष्मा, ताट-वाटी, काचेत कंगवा, अन् खाटीजवळ चपला. मले वाटलं साहेब आंघोळीले गेले असतीन. रखवालदाराले इचारलं, साहेब कधी येते? तो हसला, म्हने, अरे माई, वो तो कब के गुजर गए.

बाया पुढं गेल्या अन् मी पाह्यतच राह्यली, भाऊ. एवढा मोठा मानूस, अन् त्याच्यासंग एकबी चीज धाडली नाई. मले दया आली त्याची. चपलाइची तोंडं खाटीकडं होती, मानूस येऊन पडला असन तशी. मी खाटीपुढं बांधल्या दोरीखालून वाकली अन् चपला फिरवून दाराकडं केल्या. जाय बाप्पा, म्हनलं. रखवालदार धावत आला. मोठ्या बाईनं साऱ्याइसमोर झापलं, जंगली ते जंगलीच राह्यले म्हने. मले काई वाटलं नाई. मी टोपलीचाच इचार करून राह्यली होती.

गावाले आली, टोपली उपडी केली, फणी घेतली अन् पुरल्या जागी दगडाखाली ठेवली. केसबी काढले नाई, तसेच राहू देल्ले. तिले म्हनलं, जाय वो माय, मीनंच अडवून ठेवली होती तुले.

आता तुमी इचारता, तिचा फोटो आहे का. नाई भाऊ, आमच्याइथी कोन फोटो काढते. आताशा तिचं तोंडबी नीट आठवत नाई मले, केस तेवढे आठवते. त्या साहेबाइच्या चपला रखवालदारानं परत फिरवल्या असतीन, ते अजून तिथीच असतीन बिचारे. माही पोट्टी मात्र गेली. घरात तिचं काईच नाई आता. बसा, च्या ठेवते.