आधी बटण बंद, मग कार्ट्रिज

“‘आधी बटण बंद, मग कार्ट्रिज.’ बाबा रोज बजावायचे. आठवतं का रे, बंड्या?”

दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली इस्त्री मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं. पन्नाशी उलटलेले बहीणभाऊ होते. मध्ये जुना घरगुती कॉम्प्युटर, त्याच्या खाचेत कार्ट्रिज.

“आठवतं ना, ताई. कॅसेटवरचा खेळ सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची. हे खाचेत बसवून बटण दाबलं की लगेच.”

“खेळ याच्या आतल्या चिपमध्येच कोरलेला. वीज गेली तरी पुसला जात नाही.”

“मशीन मात्र गेलं.”

“चालू असताना आपल्या धाकट्या छोटूनं कार्ट्रिज उपटलं, मग काय होणार? बाबांनी पुन्हा कशाला हात लावू दिला नाही बिचाऱ्याला.”

“तो नव्हता, ताई.”

“मग काय मांजर होतं?”

“मी होतो. हरायला लागलो, म्हणून ओढलं.”

“चाळीस वर्षं गिळून बसलास? अरे, तो अजून माझ्या घरी पंखा लावतानासुद्धा विचारतो, ‘मी लावू का?’”

“त्याला सांगेन, असा आईला शब्द दिला होता. शेवटच्या आजारात.”

“आईला ठाऊक होतं?”

“आईपासून काय लपतं?”

“मग लाव फोन.”

“फोनवर नको. तू थांब, मी त्याच्या घरी जाऊन येतो.”

वायरसुद्धा जोडलेली नव्हती, तरी त्यानं आधी बटण बंद आहे ना ते पाहिलं. मग कार्ट्रिज हलकेच काढून रुमालात गुंडाळलं आणि तो पायऱ्या उतरला.