अण्णांना कावळा शिवेना

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. मेलेल्या माणसाचा मान कोण राखतो हो? जो त्याच्यासाठी रडतो तो? की जो त्याच्या नावानं दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो तो? — अहो, घाईनं माना डोलवू नका! आधी ऐका, मग डोलवा.

सावरडोह नावाचं नदीकाठचं गाव. तिथं गोविंदअण्णा सुतार. त्यांचा एकुलता एक मुलगा भानुदास टीव्हीवर विनोदी कार्यक्रमात काम करायचा. एकदा ह्यानं काय सोंग घेतलं असेल? कावळ्याचं! दहावा चाललाय, पिंड मांडलाय, मुलगा आणि सून हात जोडून उभे — ‘बाबा, काय इच्छा राहिली तुमची?’ आणि हा कावळा, काळा कोट घालून स्टुलावर बसलेला, विचारतो — ‘आधी हे सांगा, म्हातारा जिवंत होता तेव्हा चहा कितीदा मागितल्यावर मिळायचा?’

हसलात ना? हसा! पण पुढं त्यानं पिंडाचा घास घेतला, आणि — थू! थुंकला! म्हणाला, ‘ह्यापेक्षा मेलेला उंदीर बरा!’ आता हे मला नाही आवडलं. खोटं कशाला बोलू? पिंडावर थुंकू नये. पण नाही आवडलं म्हणून मी काय केलं? टीव्ही बंद केला आणि जेवायला बसलो. संपलं!

गावाचं नाही संपलं! सगळ्यांच्या फोनवर तेवढं थुंकणंच फिरलं. पुढचं-मागचं बघतो कोण? ‘आमच्या पितरांचा अपमान!’ — सगळ्यात पुढं दिनकरराव. ह्या दिनकररावांचे वडील शेवटपर्यंत गोठ्याशेजारी, खाटेवर, एकटे जेवायचे. आता तो चहाचा प्रश्न कुणाला झोंबला, हे मी सांगायला पाहिजे का?

कार्यक्रम बंद पडला. तरी राग शमेना! भानूच्या घरासमोर भानूचा पुतळा जाळला. अण्णांनी तो कावळा टीव्हीवर बघितला होता, खोकला लागेपर्यंत हसले होते. ‘माझ्या दहाव्याला असाच कावळा पाहिजे,’ म्हणाले होते! त्याच अण्णांनी दारात उभं राहून मुलगा जळताना बघितला. अंथरूण धरलं, ते उठलेच नाहीत.

दहाव्याला भानू घाटावर आला. आई होती, भटजी होते. पिंड ठेवला, बाजूला झाले. समोरच्या चिंचेवर कावळे बसलेले. एक खाली उतरणार — तेवढ्यात मोटारसायकली! हॉर्न! घोषणा! ‘भानुदास सुतार, माफी माग! माफी माग!’ सगळा गाव घाटावर, हातात फोन, शूटिंग चालू. कावळे भुर्रकन उडाले, नदीपार गेले!

अहो, साधी गोष्ट! एवढ्या कालव्यात कावळा येईल का? तुमच्या अंगणात तरी येतो का? पण दिनकरराव ओरडले — ‘बघा! बापच रागावलाय ह्याच्यावर!’ आणि मंडळी, गावाला ते पटलं! सगळ्यांना एकदम पटलं!

भानू हात जोडून म्हणतोय, ‘अण्णा, आईला सांभाळीन.’ कावळा नाही. ‘अण्णा, तुमची अवजारं विकणार नाही.’ कावळा नाही. उन्हं चढली. भटजी म्हणाले, ‘दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्राला चालतं.’ आई ऐकेना. ती कळवळून म्हणाली, ‘भानू, कशात अडकलाय रे तुझ्या अण्णांचा जीव?’

भानूनं गर्दीकडं बघितलं. पिंडाकडं बघितलं. आणि वाळूत गुडघे टेकून म्हणाला — ‘अण्णा, सोडलं. पुन्हा कुणाला हसवणार नाही.’

काय टाळ्या! काय शिट्ट्या! गाव जिंकला! सगळे गाड्यांवर बसले आणि गेले. घाट शांत झाला. आणि मग — मग काय होणार? नदीपारचे कावळे परत आले. पिंडाला शिवले!

आई रडत म्हणाली, ‘सुटला गं बाई जीव त्यांचा.’ आणि भानूनं ते खरं मानलं.

मी गेलो होतो त्याच्याकडं. बापाच्या कामाच्या जागी बसून लाकडावर रंधा मारत होता. दुसऱ्या एका चॅनेलचा माणूस येऊन, विनवून, रिकाम्या हातानं परत गेला होता. मी म्हटलं, ‘अरे वेड्या, गर्दीनं उडाले कावळे! गर्दी गेली, आले! अण्णांना तर तुझा कावळा किती आवडला होता!’ तो म्हणाला, ‘खरं असेल बुवा. पण मी परत हसवायला लागलो, आणि अण्णा परत अडकले तर?’

पोथ्या सांगितल्या, दाखले दिले. रंधा थांबला नाही. माझं ज्ञान तिथं भुशात पडलं, मंडळी!

तुम्ही सगळे भाविक. तुमच्याही फोनवर ते थुंकणं आलं होतं. आलं होतं की नाही? पुढं पाठवलंत की नाही? लाल चेहरे पाठवलेत, ‘सोडू नका ह्याला’ लिहिलंत, आणि आज इथं टाळ वाजवायला आलात! ठेवा ते टाळ खाली. आज शेवटचा गजर नाही. आधी सांगा — त्या पोराकडं कोण जाणार? ‘राग आमचा होता, तुझ्या बापाचा नाही,’ हे त्याच्या तोंडावर कोण सांगणार? उठा, एकानं तरी उठा!

...

कुणीच नाही?

पांडुरंगा!