टाकी किती लिटरची?

नाही, नाही, यंत्राला बोल लावू नका... बिचाऱ्या यंत्राने काय केलं? त्याला सांगितलं दोनशे लिटर, ते दोनशे लिटरचं काम करत होतं, इमानेइतबारे बुडबुडे काढत बसलं होतं, आता टाकीच चारशेची निघाली तर त्याने काय करावं? निघाली कसली, आणली. मीच आणली. तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ वय चोरावं, वजन चोरावं, पण पाणी चोरू नये.

झालं असं, की घरात समुद्र आणायचं ठरलं, खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी. म्हणजे मी ठरवलं, बायकोने अट घातली. "दोनशे लिटरच्या वर नको. माणसांना बसायला जागा राहू दे." बरोबरच होतं तिचं. पण दुकानात दोनशेची टाकी नेमकी चारशेच्या शेजारी ठेवलेली हो... शेजारी ठेवली की ती नुसती बरणी दिसते. आणली चारशेची. बायको माहेरून परतली ती दारातच थबकली. "मोठी नाही वाटत?" म्हटलं, "काच आहे ना, काचेतून सगळं मोठंच दिसतं." आणि तिने विश्वास ठेवला! आणि मी गप्प.

मग मासे आले, पोवळी आली, आणि जिने अट घातली तीच अडकली की त्यात. एक नारिंगी मासा आहे, त्याला ती 'आमचे धाकटे' म्हणते. कामावरून आली की खांद्यावरची पिशवी खांद्यावरच, आधी धाकट्यांना चिमूटभर खाणं. मला पाणीसुद्धा नंतर. असो.

तर अशा टाकीला प्रोटीन स्किमर लागतो. आम्ही दोघं दुकानात गेलो. बायको म्हणाली, "म्हणजे माशांना प्रोटीन द्यायचं?" दुकानदार म्हणाला, "द्यायचं नाही वहिनी, काढायचं." बारीक बुडबुडे सोडायचे, माशांची घाण, उरलंसुरलं खाणं त्यांना चिकटतं, फेस वर चढतो, वरच्या कपात साचतो, कप ओतून द्यायचा. साधं आहे. पण माप! तो दुकानदार म्हणजे वकील व्हायचा राहिलेला. "लहान घ्याल तर घाण पाण्यातच राहील. उगाच थोराड घ्याल तर फेस कपापर्यंत चढणारच नाही. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका साहेब, मासे किती, खाणं किती, आणि मुख्य म्हणजे... टाकी किती लिटरची?"

बायको शेजारी उभी, खांद्याला खांदा लावून. आता तुम्हीच सांगा, काय बोलणार होतो मी?

"दोनशे," म्हटलं.

"हो, दोनशेच," ती म्हणाली. "माझं ऐकलं यांनी." आणि कौतुकाने बघितलं हो माझ्याकडे... दुकानदाराने दोनशेचा स्किमर बांधून दिला. आणि मी गप्प.

पुढे जे व्हायचं तेच झालं. पाणी गढूळ, काचेवर शेवाळ, पोवळी मिटून बसली. मी मनाची तयारी केली, आता भडका उडणार. तर ही टाकीसमोर उभी राहून बारीक आवाजात म्हणते, "माझंच चुकलं. मीच जास्त खायला घालते."

तुम्हाला सांगतो, रागावली असती तर झेललं असतं, रागाची सवय आहे. पण तिने चिमूट निम्मी केली. धाकटे काचेशी येऊन तोंड उघडमीट करायचे, आणि ही म्हणायची, "नको रे बाळा, तुलाच त्रास होईल," आणि तोंड फिरवून आत जायची. माझ्या घशाखाली घास उतरेना. म्हणजे उतरला, पण कसाबसा. आणि मी गप्प!

खरं बोलायची हिंमत नसली की माणसाला अक्कल सुचते. ती कामावर गेलेली बघून मोठा स्किमर आणला, गुपचूप बदलला. आली तेव्हा म्हटलं, "जुना बिघडलेला होता, दुकानदाराने बदलून दिला." दुसऱ्या दिवशी कप काठोकाठ भरला. काळं पाणी, आणि वास असा की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मी हर्षाने तिला हाक मारली, "बघ, बघ कसा काम करतोय!"

तिने कप बघितला आणि तिचे डोळेच भरून आले. "एवढं? एवढं मी घातलं त्यांना?"

म्हणजे बघा, दोष माझा, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मी स्वतः आणून तिच्या हातात दिला. तिने खाण्याचा डबा उचलला आणि कपाटावर ठेवून दिला, पार मागे, हात पोचणार नाही असा. लाज वाटली हो मला. खरंच लाज वाटली.

"चारशे," मी म्हणालो.

"काय चारशे?"

"टाकी. चारशे लिटरची आहे. तुझं खाणं बरोबर होतं. स्किमर निम्मा होता, कारण मी निम्मं सांगितलं."

तिने स्टूल घेतलं, डबा काढला, धाकट्यांना चांगली भरघोस चिमूट घातली, ते खाईपर्यंत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अजून काय काय निम्मं सांगितलंय?"

काही नाही, म्हटलं. देवाशपथ काही नाही. पण तेव्हापासून मी काहीही सांगितलं की ती त्याची दुप्पट करते. काल फोन करून म्हटलं, दहा मिनिटांत पोचतो, चहा टाक. तर हिने वीस मिनिटांचा हिशोब धरून टाकला! राग आला मला, एवढाही विश्वास नसावा? पण बोलणार कोणत्या तोंडाने... दारात पाय ठेवला, तेव्हा चहाला नुकती उकळी फुटत होती.