वाळूतला ठिपका

मी: फोन आला तेव्हा टर्पेंटाइनचं फडकं हातातच होतं. दुसऱ्या दिवशी ही घरी येणार म्हणून तिचे ब्रश धूत होतो. दवाखान्यातली बाई म्हणाली, "त्या गेल्या." मी विचारलं, "कुठे?"

फ्रेमवाला: बसा भाऊजी. पाणी देऊ?

मी: नको. आधी ऐका. ती बाई बोलत होती आणि मी या चित्राकडे बघत होतो. इथे, या टेकाडावर, एक तपकिरी ठिपका होता. मला वाटलं, शिंतोडा उडालाय. बाईचं ऐकता ऐकता पुसून टाकला.

फ्रेमवाला: पुसला?

मी: तिला डाग खपायचा नाही. तुमचं तोंड का असं झालं?

फ्रेमवाला: भाऊजी, ताईंच्या प्रत्येक चित्रात एक माणूस असतो.

मी: काहीतरीच! नुसती वाळू असते. तिच्या माहेरची. मी तिला चिडवायचो, मी जन्मभर गल्लोगल्ली नळाला पाणी सोडतोय आणि तू घरात वाळू पसरतेस.

फ्रेमवाला: असतो हो. तांदळाच्या दाण्याएवढा. मलाही ताईंनीच बोट ठेवून दाखवला होता. सगळ्यात शेवटी काढायच्या. मग त्याच ब्रशने खाली सही.

मी: मला नाही कधी दाखवला.

फ्रेमवाला: तुम्ही विचारलं नसेल.

मी: मी ब्रश धुवायचो. विचारायचं काय त्यात?

फ्रेमवाला: बरं, हे बघा, इथे सही नाहीये. म्हणजे माणूसही काढायचा राहिला असेल. तुम्ही शिंतोडाच पुसलात. उगाच जिवाला लावून घेऊ नका.

मी: खरंच?

फ्रेमवाला: थांबा, एकदा बघूच.

(तो चित्र दिव्याखाली तिरकं धरतो.)

मी: काय दिसतंय?

फ्रेमवाला: पावलं आहेत. खालून वर गेलेली. तुम्ही पुसलं तिथवर.

मी: मग तो होता!

फ्रेमवाला: किंवा पावलं आधी काढून ठेवली असतील. माझ्याकडे यायचं ते पुरं झालेलं चित्र. आधी काय, नंतर काय, मला कसं कळणार?

मी: मघाशी नव्हता म्हणालात.

फ्रेमवाला: मघाशी पावलं बघितली नव्हती.

मी: मी लेकीला काय सांगू? तिने आईचं शेवटचं चित्र मागितलंय. पुरं आहे म्हणू, अर्धं आहे म्हणू, की बापाने पुसलं म्हणू?

फ्रेमवाला: माझ्या ओळखीत एक पेंटर आहे. हुबेहूब काढून देईल.

मी: त्याला कसा माहीत तो माणूस?

फ्रेमवाला: मी सांगेन ना. पाठमोरा, जरा पोक काढून चालणारा. खांद्यावर काठी. मी मेंढपाळ समजायचो, पण मेंढरं कधी दिसली नाहीत. आणि काठीच्या टोकाला आडवी दांडी.

मी: आडवी दांडी?

फ्रेमवाला: हो. मी एकदा म्हटलंसुद्धा, ताई, अशी कसली काठी? तर नुसत्या हसल्या.

मी: काठी नाही ती.

फ्रेमवाला: मग?

मी: रस्त्यातला व्हॉल्व्ह उघडायची चावी. लोखंडी, छातीएवढी लांब. तेहतीस वर्षं खांद्यावर होती माझ्या.

फ्रेमवाला: अरे देवा. म्हणजे तो...

मी: पेंटर नको.

फ्रेमवाला: नाही बोलवत. चौकट तरी करू का? तेलरंग आहे, काच लागत नाही. दोन दिवसांत होईल.

मी: आज नको. कागदात गुंडाळून द्या.

फ्रेमवाला: लेकीला काय सांगणार?

मी: माहीत नाही. घरी भिंतीवर तिची चार चित्रं आहेत. त्यातला माणूस मी अजून बघितलेला नाही.