अपील आल्याशिवाय

नाही हो, आत एकालाच सोडतात—जयवंतीवहिनी आहेत ना ऋचाजवळ, तुम्ही बसा. बसा रघुवीर. जहाजावरून थेट आलात वाटतं, बॉयलरसूटसुद्धा तसाच आहे अंगावर. पाणी घ्या. डोक्याचा स्कॅन चाललाय, एवढंच कळलंय मला. शुद्धीवर होती—म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना डोळे उघडे होते, मी स्वतः पाहिलं. उलटी झाली एकदा. एकदाच. नाही, दोनदा.

सांगतो ना, सगळं सांगतो. नेहमीची रविवारची मॅच, आपल्याच मुलींच्या दोन टीम, दोघा अंपायरांपैकी त्या बाजूला मी. आमची जाई पुढे खेळत होती, तुमची ऋचा बचावाला. बॉल उसळला आणि हिच्या कपाळावर—इथे, भुवईच्या जरा वर. हॉकीत होतं असं कधीकधी. मेधा म्हणते, तू घाबरलास की लेक्चर द्यायला लागतोस—बायकोला बरोबर कळतं.

पण खरं सांगतो, खेळ आता पुष्कळ सुरक्षित झालाय. दर टर्मला नव्या मुलींना मी स्लाइड्स दाखवतो ना, ऋचानं सांगितलं असेल. दीडशे वर्षांपूर्वी लंडनजवळ ब्लॅकहीथला बॉल नव्हताच, रबराचा ठोकळा होता, काळा, चौकोनी—कुठे उडेल त्याचा नेम नाही, नुसती हाणामारी. मग टेडिंग्टनच्या क्रिकेटवाल्यांना हिवाळ्यात काहीतरी खेळायला हवं होतं, त्यांनी क्रिकेटचा बॉल घेतला. तो गवतावरून सरळ जातो, पण लागला तर? म्हणून त्यांनी नियम केले. काठी खांद्याच्या वर न्यायची नाही. गोल कुठूनही मारायचा नाही, समोरच्या अर्धवर्तुळातूनच. म्हणजे बघा, हा खेळ वाढला कसा, तर कुणाचं डोकं फुटू नये म्हणून एकेक नियम करत करत—नियम आहेत हो, सगळे नियम आहेत.

आणि अंपायर? अंपायर आधी नुसते उभे असायचे. खरंच. कुणी अपील केलं तरच निर्णय द्यायचे, क्रिकेटसारखं. डोळ्यांदेखत काहीही घडो, कुणी विचारलं नाही तर गप्प. आपणहून शिट्टी वाजवायची, हे मागाहून आलं. मला वाटतं, ती पद्धत अगदीच वाईट नव्हती—सगळं एकट्याच्या डोक्यावर येत नाही. कुणी विचारलंच नाही, तर अंपायरचा काय दोष?

असं बघू नका माझ्याकडे.

बरं, बॉल आपोआप नाही उसळला. जाईनं उचलून मारला. जोरात हिट मारताना बॉल असा उचलायचा नसतो, तिला माहीत आहे, पण कडेला एका शाळेचे कोच उभे होते—खेळाच्या जोरावर ॲडमिशन देतात ना, त्यांच्यातले. जाईच्या मार्कांवर कुठे काही मिळणार नाही, आणि मी महिनाभर तिच्या कानीकपाळी ओरडतोय, त्यांच्यासमोर दाखव काहीतरी, दाखव. मुद्दाम नाही हो मारला तिनं! बाहेर बसलीय मेधाजवळ, पाण्याचा घोट घेत नाहीये. मला फक्त एवढंच म्हणाली, इथल्या पोरांच्या त्या इंग्रजीत, ‘बाबा, व्हाय यू नेव्हर ब्लो?’ शिट्टी का नाही वाजवलीत म्हणून.

शिट्टी कधी वाजवायची होती म्हणून काय विचारता? तेव्हाच—नाही. त्याच्या आधी. दोन मिनिटं आधी असाच एक बॉल उचलला होता तिनं, ऋचाच्या कानाजवळून गेला. ऋचा थांबली. माझ्याकडे बघून हात वर केला, ‘अंकल, डेंजरस लाह!’ म्हणाली, इथल्या पोरी बोलतात तसंच. मला स्वच्छ ऐकू आलं. अपील नाही तर काय होतं ते? शिट्टी तोंडातच होती. फुंकली असती तर त्या कोचसमोर जाईचा फाउल, कदाचित कार्ड, बाहेर बसवावं लागलं असतं—मी हात हलवला आणि ओरडलो, ‘प्ले ऑन!’ तुमची पोर गुणी, उलटून बोलली नाही. वळली आणि जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

मी सगळ्यांना अपघात म्हणूनच सांगितलंय. ॲम्ब्युलन्सवाल्यांना, वहिनींना. तुम्हालाही तेच सांगायला इथे बसलो होतो. मला फार भीती वाटतेय हो. ओरडा माझ्यावर, चारचौघांत थोबाडीत मारा, पण जाईला काही म्हणू नका, बारा वर्षांची आहे ती. रघुवीर?

दार उघडलं. डॉक्टर आल्या बाहेर—वहिनी का नाहीत त्यांच्याबरोबर? तुमचंच नाव घेतायत, उठा. नाही, मी नाही येत. ती शुद्धीवर असली तर मला बघून—आणि नसली तर—जा तुम्ही. जा.