पलीकडच्या कड्यावरचं अंडं

(न्यूफाउंडलंडचा दक्षिण किनारा, जानेवारी. घरामागची शेड. म्हातारा अँब्रोज आणि त्याची नात कार्मेल टबाच्या दोन बाजूंना बसून कालच्या शिकारीतल्या टर पक्ष्यांची पिसं उपटतायत.)

अँब्रोज : ...आणि हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणाचा विश्वासच बसणार नाही. पाद्र्यालासुद्धा सांगितलं नाही. तो पाण्याची वाइन झाली म्हणतो ते खुशाल मानतो, पण माझी गोष्ट त्यानं मानली नसती.

कार्मेल : आजोबा, मी ट्रक मागायला आलेय. गुरुवारी मिळेल का, तेवढं सांगा.

अँब्रोज : मिळेल. आधी गोष्ट. तेच भाडं समज. आणि पिसं मुळापासून ओढ, कुसं राहिली की तुझी आजी माझ्यावर डाफरते, तुझ्यावर नाही.

कार्मेल : मला आज गोष्टीचं मन नाही.

अँब्रोज : ठाऊक आहे. दोन वर्षं झाली, दर महिन्याला एक दिवस असा येतो की तुला कशाचंच मन नसतं. त्या दिवशी तू इथं येतेस आणि न सांगता काम ओढून घेतेस. मागच्या वेळी माझी सगळी जाळी उलगडून ठेवली होतीस. चांगली गुंडाळलेली जाळी.

कार्मेल : या गावात कुणाला काही स्वतःपाशी ठेवता येतं का हो?

अँब्रोज : इथं? इथं माणूस शिंकला की पलीकडच्या खाडीतून ‘देव तुझं भलं करो’ ऐकू येतं. ऐक आता. मी विशीतला असेन. मी आणि माझा भाऊ लिओ, होडी घेऊन दोन कड्यांच्या मधे. उजवा कडा, डावा कडा, मधे अर्धा मैल पाणी. दोन्हीवर हेच टर, खांद्याला खांदा लावून, चर्चमधे मिस्साला गर्दी होते तसे. उजवा कडा कॅथलिक, डावा प्रॉटेस्टंट.

कार्मेल : पक्षी?

अँब्रोज : पक्षी. रविवारी वेगवेगळ्या वेळी ओरडायचे. तू हसू नकोस, तेव्हा माणसंही तशीच होती. तर उजव्या कड्यावर एक मादी होती, तिला आम्ही मिसेस हेनेबरी म्हणायचो, चालण्यावरून. त्या सालच्या वादळात तिच्या बाजूची अख्खी कपार कोसळली. दगडबिगड सगळं समुद्रात. मिसेस हेनेबरी वाचली, पण तिच्या पायाखाली जेमतेम बशीएवढी जागा उरली. आणि त्या बशीवर तिनं अंडं घातलं.

कार्मेल : मग ते पडलं.

अँब्रोज : सांगणार कोण, तू की मी? पडलं. घरंगळलं, कडेवर आलं, थांबलं, वाऱ्याची झुळूक आली आणि सुटलं. लिओनं डोळे मिटले. मी नाही मिटले, मी बघत होतो. समोरच्या, डाव्या कड्यावर एक मादी होती, प्रॉटेस्टंट, रिकामी बसलेली. तिनं ते अंडं पाहिलं आणि मान लांब केली.

कार्मेल : किती लांब?

अँब्रोज : आधी वल्ह्याएवढी. मग होडीएवढी. मग आमच्या डोक्यावरून गेली, सावली पडली माझ्या टोपीवर.

कार्मेल : अर्धा मैल मान.

अँब्रोज : पाव मैल म्हण. वारा तिच्या पाठीशी होता. अंडं पाण्याला टेकणार तेवढ्यात तिनं ते चोचीत धरलं, अलगद, आपण वाफाळता बटाटा धरतो तसं. मान आखडून घेतली, अंडं पायाखाली सरकवलं आणि बसली, जसं काही झालंच नाही. पिल्लू निघालं ते धडधाकट. दोनदा बाप्तिस्मा करावा लागला, दोन्हीकडचे नातेवाईक भांडत होते.

कार्मेल : थांबा जरा.

अँब्रोज : अजून संपली नाही. पुढे ते पिल्लू...

कार्मेल : एका बाजूला अंडं. त्या बाजूची कपार गेलेली. आणि दुसऱ्या बाजूनं पलीकडे मान लांबवून ते उचललं.

अँब्रोज : चोचीत.

कार्मेल : आजोबा, तुमच्या सगळ्या गोष्टी मला पाठ आहेत. रविवारच्या, वादळातल्या, पाहुण्यांसमोरच्या. ही तुम्ही कधीच सांगितली नाहीत.

अँब्रोज : ठेवणीतली होती.

कार्मेल : तुम्ही डोरीनकडे गेला होतात.

अँब्रोज : कोण डोरीन?

कार्मेल : दवाखान्यातली नर्स डोरीन. तुमच्या सख्ख्या चुलतभावाची मुलगी.

अँब्रोज : अच्छा, ती. गेलो होतो. गुडघा दाखवायला.

कार्मेल : आजोबा.

अँब्रोज : बरं, ऐक. नाताळाच्या आधी तू स्वयंपाकघरात आजीला, बर्नडेटला, सांगत होतीस ना, मी जिन्यावर होतो. ऐकत नव्हतो, बूट घालत होतो.

कार्मेल : बूट घालायला इतका वेळ लागला?

अँब्रोज : म्हातारा आहे मी. तू म्हणालीस, उजवी गर्भनळी कापून काढली ती काढलीच, आता राहिली डावी. आणि या महिन्यात डॉक्टरणीनं बघून सांगितलं की अंडं उजवीकडून येतंय. म्हणजे हा महिना वाया. असं म्हणून तू भांडी इतकी जोरात घासलीस की आजीच्या कढईचा रंग गेला. मला राहवेना. मी डोरीनकडे गेलो आणि म्हटलं, माझ्या ओळखीची एक मेंढी आहे, तिची एक नळी काढलीय.

कार्मेल : मेंढी?

अँब्रोज : तुझं नाव थोडंच घेणार होतो? मलाही अक्कल आहे. डोरीन म्हणाली, या मेंढीचा नवरा आल्बर्टाला तेलाच्या कामावर असतो का, तीन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे?

कार्मेल : अरे देवा.

अँब्रोज : मी म्हटलं, असेलही, मेंढ्यांच्या घरात मी डोकावत नाही. मग तिनं रबरी हातमोजा घेतला आणि मला दाखवलं. उरलेल्या नळीच्या टोकाला बोटं असतात म्हणे, बारीक, झालरीसारखी. अंडं पलीकडच्या बाजूनं सुटलं तरी ही बोटं कधी कधी तिकडे जातात आणि उचलून आणतात. कधी कधी, दर वेळी नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. पोरी, मी जन्मभर थापा मारत आलोय. पण नळीला बोटं, हे मला सुचलं नसतं. मला तर रागच आला. म्हटलं, असलं काही मी सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला दाराबाहेर घालवलं असतं, आणि हे खरं.

कार्मेल : डॉक्टरणीनं मलाही सांगितलं होतं. मला वाटलं, बरं वाटावं म्हणून बोलतेय. तुमच्यासारखं.

अँब्रोज : ऐकलंस तर मग. या महिन्यात नाही झालं, तर पुढच्या महिन्यात. कपार गेली म्हणून कडा जात नाही. आता सांग, गुरुवारी ट्रक कशाला?

कार्मेल : शहरात जायचंय. टायर बघायला.

अँब्रोज : टायर.

कार्मेल : बर्फाचे. तिकडे बरे मिळतात.

अँब्रोज : तुझ्या नवऱ्यानं, कोलमनं, नोव्हेंबरात चारही नवे घातले. जॅक मी धरला होता.

कार्मेल : मग लोकर.

अँब्रोज : तुला विणता येत नाही. एकदा मोजा विणलास तो लिओच्या कुत्र्याला टोपी म्हणून दिला. कार्मेल, माझ्यासमोर खोटं बोलायचं तर जरा तयारीनं यावं. हा माझा धंदा आहे.

कार्मेल : (हातातल्या पक्ष्याची आणखी पिसं ओढते.)

अँब्रोज : तो पक्षी खाली ठेव, त्याला आता कातडीसुद्धा राहिली नाही.

कार्मेल : सहा तारखेला दोन रेघा आल्या.

अँब्रोज : कशावर?

कार्मेल : चाचणीच्या पट्टीवर, आजोबा. उजवीकडच्या महिन्यातच. आम्ही तो महिना सोडूनच दिला होता. तारखा नाही, थर्मामीटर नाही, कोलम सुट्टीवर घरी होता, तळ्यावर बर्फाला भोकं पाडून ट्राउट धरत बसलो दोघं, एकही लागला नाही, येताना भांडलो आणि मग हसलो. आणि तेव्हाच.

अँब्रोज : बोटं.

कार्मेल : बोटं.

अँब्रोज : आणि डोरीन?

कार्मेल : तिला ठाऊक आहे. रक्त तीच काढते दर दोन दिवसांनी. तुम्हाला बोलली नाही?

अँब्रोज : परवा दुकानात भेटली. मेंढीबद्दल चकार शब्द नाही. बघ, म्हणून तिला नर्स केली आणि मला नाही. पण मग तू अशी का बसलीस? मी आता नाचायला हवं होतं, गुडघा असो वा नसो.

कार्मेल : मागच्या वेळीही दोन रेघा आल्या होत्या, आणि गर्भ निघाला उजव्या नळीत. रेघांना कुठं ठाऊक असतं, आत नेमकं कुठं रुजलंय ते. ज्या नळीनं उचललं, तिच्यातच अडकून बसलं असलं तर? गुरुवारी दहाला सोनोग्राफी आहे, तेव्हा दिसेल, पिशवीत आहे की नळीत. आणि नळीत असलं तर ही शेवटची. मग प्रयोगशाळेत गर्भ बनवायची वाट, तीही झाली तर झाली.

अँब्रोज : डोरीन काय म्हणते?

कार्मेल : रक्तातले आकडे चांगले चढतायत म्हणते. मागच्या वेळी रडतखडत चढायचे. पण तीही शपथेवर सांगत नाही. मी रात्रंदिवस डावी बाजू चाचपते. जेवताना चाचपते. आत्ता पिसं काढतानाही.

अँब्रोज : दुखतं?

कार्मेल : नाही. पण न दुखण्याचीही भीती वाटते.

अँब्रोज : मागच्या वेळी मीच नेलं होतं तुला. वाटेत मूस हरीण आडवं आलं, हललंच नाही, मी हॉर्न धरून बसलो. तू शेजारी ओठ चावत होतीस. त्या अख्ख्या रस्त्यात मला एक गोष्ट सुचली नाही, पोरी. एक ओळ नाही.

कार्मेल : मला तेव्हा ऐकूही आली नसती.

अँब्रोज : कोलमला सांगितलंस?

कार्मेल : सांगितलं. तो म्हणाला, पहिलं विमान पकडतो. म्हटलं, गुरुवारपर्यंत थांब, मागच्या वेळेसारखा वादळात विमानतळावर अडकून पडशील आणि मी इथं. रोज फोन करतो, दोघंही हवामानावर बोलतो. फक्त आजीला सांगायचं नाही.

अँब्रोज : ती आनंदानं...

कार्मेल : म्हणूनच. मागच्या वेळी पट्टी वाळायच्या आत सगळ्या गावाला कळलं. हॉलमधे बाळाचा समारंभ ठरला, बायकांनी थंड ताटं बनवायला घेतली, टर्की, हॅम, तीन रंगांचं बटाट्याचं सॅलड. आणि मधेच मला दवाखान्यात न्यावं लागलं. कुणाला काही सुचेना, समारंभ रद्द कसा करायचा, केलेल्या ताटांचं काय करायचं. मग त्या एकेक करून आमच्या दारात ती ताटं ठेवून गेल्या. बेल न वाजवता. कोलमनं दार उघडलं तर पायरीपासून फाटकापर्यंत ताटं, वर बर्फ भुरभुरतोय. बाळाचं सुतकही धरता येईना, नावच नव्हतं. आम्ही आपलं ते सॅलड खात राहिलो. गुलाबी बटाटा मी आजही खात नाही.

अँब्रोज : चांगल्या बायका आहेत.

कार्मेल : फार चांगल्या आहेत, आजोबा. तेवढं चांगलं मला पुन्हा नाही पेलायचं. गुरुवारी दिसू दे आधी. मग तुम्ही चर्चची घंटा वाजवा.

अँब्रोज : वाजवीन. दोन्ही चर्चच्या. आणि ट्रक तुला मिळणार नाही.

कार्मेल : का?

अँब्रोज : कारण चालवणार मी. तुझा पाय ब्रेकवर आणि हात पोटावर, असं चालत नाही बर्फात. पहाटे निघू.

कार्मेल : पाणी पिऊन निघायचंय, भरल्या मूत्राशयानं यायला सांगितलंय.

अँब्रोज : त्या रस्त्यानं? मग मी गोष्टी कमी सांगेन. हसलीस तर पंचाईत.

कार्मेल : आणि आजीला काय सांगणार? तुम्ही आणि मी, पहाटे, शहरात.

अँब्रोज : ते माझ्यावर सोड. लग्न झाल्यापासून खोटं बोलतोय तिच्याशी, एकदाही पकडला गेलो नाही.

कार्मेल : प्रत्येक वेळी पकडला गेलात. ती बोलून दाखवत नाही, एवढंच.

अँब्रोज : हळू. आली ती. पिसं ओढ.

बर्नडेट : झाले का पक्षी? कांदे चिरून कधीची बसलेय मी. आणि याला काय झालं, याची तर कातडी सोललीय.

अँब्रोज : वादळात सापडला होता तो.

बर्नडेट : काल निरभ्र होतं. कार्मेल, हात धुऊन आत ये, चहा ठेवलाय. रंग गेलाय तुझा.

कार्मेल : येते, आजी. इथं गार आहे, त्यानं.

अँब्रोज : बर्नडेट, गुरुवारी मी शहरात जाऊन येतो. पहाटेच निघेन. गुडघा दाखवायचाय, मोठ्या डॉक्टरला. डोरीननं चिठ्ठी दिलीय.

बर्नडेट : कुठला गुडघा?

अँब्रोज : डावा.

बर्नडेट : रविवारी उजवा होता.

अँब्रोज : आलटून पालटून दुखतात. म्हणून तर मोठा डॉक्टर. कार्मेल येतेय सोबतीला, उतरताना हात द्यायला.

बर्नडेट : सोबतीला.

अँब्रोज : तिला तसंही टायर बघायचेत.

बर्नडेट : खोटं. आणि मधल्या जागेवर मी बसणार. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतील, तिला धरायला एक हवा.