राजीखुशीनं

आरती : आधी हे सांग गोकुळ, तुझ्या रिपोर्टातला हा फोटो माझाच आहे ना?

गोकुळ : तुझाच आहे, ताई. अंजनावळ्याच्या बैठकीतला.

आरती : आणि खाली काय लिहिलंय? मला इंग्रजी येत नाय, अंगणवाडीतल्या शीलानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मी तिला. म्हटलं, ही चुकत असंल.

गोकुळ : लिहिलंय की घाटघरच्या आरतीनं वडलांच्या जमिनीतला आपला वाटा सोडला नाय. आमच्या मंडळाच्या बैठकांमुळं तिला आपला हक्क कळला. आता यात खोटं काय? आजच्या तारखेला सातबाऱ्यावर तुझं नाव आहे.

आरती : आजच्या तारखेला! आणि बुधवारी तू मला जुन्नरला निबंधकाच्या ऑफिसात नेणार, हक्कसोडपत्रावर सही घ्यायला. वाटा भावाला सोडला म्हणून. आणि गुरुवारी ते परदेशातले पाहुणे येणार, तर त्यांच्यापुढं उभं राहून मी सांगायचं, बघा, मी वाटा सोडला नाय. बरोबर समजलंय ना मला?

गोकुळ : पाहुण्यांची तारीख मी ठरवली का? ऑफिसात बुधवारचाच नंबर लागला.

आरती : मग सही शुक्रवारी घ्यायचीस. गुरुवारी निदान मी खरं तरी बोलले असते.

लंकाबाई : आल्या आल्या भांडान काढलं का तुमी? आरते, च्या घे आधी. निवतोय.

आरती : आई, तुला ठाऊक व्हतं हे?

लंकाबाई : सहीचं ठाऊक व्हतं. त्या इंग्रजीतलं मला काय कळतंय? तुझ्यासाठी साडी आणून ठिवलीया. जांभळी हाय. काठ लई चांगलं हायेत.

आरती : साडीसुद्धा आणून झाली. म्हणजे सगळं ठरलंच की. मलाच तेवढं सांगायचं राहिलं व्हतं.

गोकुळ : ताई, जरा समजून घे. आबा जाऊन दोन वर्षं झाली. जमिनीवर तीन नावं आहेत. आई, तू आणि मी. रस्त्याकडच्या तुकड्यावर मला वाचनालय उभं करायचंय. त्या पाहुण्यांच्या संस्थेचं पत्र आलंय, पुस्तकं, कपाटं आणि वरचा पत्रा एवढं ते देतील. त्यांचा काय मोठा निधी नाय. जगभर आपल्यासारख्या लहान लहान गटांना थोडं थोडं देतात. पण जागेत कुणाचा गुंता नको त्यांना.

आरती : गुंता म्हणजे मी.

गोकुळ : तसं म्हणालो का मी?

आरती : बरं, पुस्तकं कसली ठेवणार?

गोकुळ : तुला ठाऊक आहे कसली. व्यक्तिस्वातंत्र्याची, मालमत्तेच्या हक्काची.

आरती : माझ्या वाट्यावर.

गोकुळ : टोमणे मारू नको. तीन वर्षं राबलोय मी. बेल्ह्याच्या बैलबाजारात उभा राहून सांगत व्हतो, हा बाजार कुणा साहेबाच्या हुकमावर चालत नाय. विकणारा मोकळा, घेणारा मोकळा, म्हणून तर दोघंबी खुशीत घरी जातात. व्यापारी टेम्पोत बसून हसायचे मला. तू एकटी हसली नव्हतीस.

आरती : नव्हते हसले. पटलं व्हतं मला. तुझं निम्मं बोलणं डोक्यावरनं जायचं, पण माणूस स्वतःचा मालक असतो एवढं एक जिवाला लागलं. पारगाववरनं एसट्या बदलून यायचे मी. नवरा कारखान्यावर पाळीला, सासूचं तोंड आठवडाभर वाकडं. तरी आठ गावांतल्या बायका गोळा केल्या. सातबारा आणा म्हणायचे, आणि आपापल्या नावावर बोट ठेवा. निम्म्या जणींना बोट ठेवायला जागाच सापडायची नाय. मग एकमेकींकडं बघायच्या. ते लिहिलंस का कधी तुझ्या रिपोर्टात?

गोकुळ : लिहिलंय की. तेच तर लई आवडलं त्यांना.

आरती : आवडलं!

लंकाबाई : आगं, तुला सासरी काय कमी हाय? ऊस हाय, पानी हाय. हितं चार खाचरं आन् वर दोन पट्ट्या नाचणीच्या. काय करनार हायेस तू त्याचं?

आरती : काय नाय करणार. कसणार नाय, विकणार नाय, भाताचं पोतं मागायलाही येणार नाय. सगळं गोकुळनंच खावं. मला नाव पाहिजे, आई. नुसतं नाव. पारगावच्या सातबाऱ्यावर सासरे, नवरा, दीर. मी आहे रेशनकार्डावर, तेही कुणाची तरी बायको म्हणून. आबांच्या मागं तलाठ्यानं वारस म्हणून माझं नाव लावलं, त्या दिवशी मी तो कागद घरी नेऊन पिठाच्या डब्यामागं ठेवला. कधी घरात कुणी नसलं की काढून बघते. हसू नको, गोकुळ.

गोकुळ : हसत नाय मी.

आरती : मग असं कर ना. संस्थेला कळव, जागा तिघांची आहे आणि तिघं मिळून वाचनालयाला देतोय. त्या कागदावर आत्ता सही करते. आण पेन.

गोकुळ : तसं नाय चालत.

आरती : कुणाला नाय चालत? संस्थेला?

गोकुळ : संस्थेला चालंल. गावाला नाय. सावळेराम काका पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, याची सख्खी बहीण याला सही देईना आणि हा आपल्याला शहाणपण शिकवतोय. लोक फिदीफिदी हसले. उद्या माझ्या बैठकीला कोण येईल सांग?

आरती : म्हणजे बैठकीत माणसं यावीत म्हणून मी वाटा सोडायचा. आणि बैठकीत तू सांगणार, आपला हक्क सोडू नका.

गोकुळ : मी जबरदस्ती करत नाय, ताई. जबरदस्ती मला कधी मान्य नव्हती, आजही नाय. कागदावरही तसंच लिहिलंय. कुणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीनं.

आरती : आणि मी नाय म्हटलं तर?

गोकुळ : तर तुझी मर्जी.

आरती : आणि भाऊबीजेला? येऊ का मी?



लंकाबाई : त्यो काय बोलंल? मी सांगते. मीबी अंगठा दिला व्हता माझ्या भावाला. साडी घेतली, गोडाचं जेवले, आन् हसत घरी आले.

आरती : मग ठेवलं का त्यानं माहेर?

लंकाबाई : त्यो व्हता तवर ठिवलं. मागनं भावजयीनं दार लावलं. सात वर्सं झाली, त्या गावचं पानी न्हाई पिले मी.

आरती : आणि तरी मला सही कर म्हणतेस?

लंकाबाई : मला हितंच ऱ्हायचंय ना, बाई. ह्याच्याच चुलीपाशी. तुझं काय, तू एसटीत बसून जाशील.

आरती : बरं. ऐक, गोकुळ. बुधवारी करते सही. पण गुरुवारी पाहुण्यांपुढं उभी राहीन आणि आदल्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगीन. साडीचं, पारावरचं, आईचं, सगळं. चालंल?

गोकुळ : सांग की.

आरती : भीती नाय वाटत?

गोकुळ : त्यांना मराठी येत नाय, ताई. इंग्रजीत मीच सांगणार आहे.

लंकाबाई : काय गं? काय म्हनला त्यो? अशी का बघतीस त्याच्याकडं?

आरती : काय नाय, आई.

गोकुळ : चुकलं माझं. असं बोलायला नको व्हतं.

आरती : बोललास ते बरं केलंस. इथवर येताना घाटात एकच विचार डोक्यात व्हता, भाऊ राहील का वाटा राहील. आता तेवढं तरी मिटलं. बुधवारी मी येत नाय. नाव आहे तिथंच राहील. आणि गुरुवारीही येत नाय. साडी आईला नेसू दे.

गोकुळ : बुधवारचं राहू दे. ते बघू पुढं. पण गुरुवारी ये, ताई. पाया पडतो तुझ्या. एकच दिवस.

आरती : दुसरी कुणीतरी उभी कर की. आठ गावं आहेत. आपली शीला आहे. ती अंजनावळ्याची कुशाबाई आहे. भर बैठकीत माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली व्हती, मेले तरी वाटा सोडणार नाय.

गोकुळ : कुशाबाईनं दिवाळीतच सही केली. शीलानं त्याच्याही आधी. सगळ्या गावांतनं विचारून आलो मी, ताई. तू एकटीच राहिलीयस.